रंगाखालचे रंग

घराला रंग देण्याचे दिवस आणि दिवाळीचे दिवस एकच, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. दसरा उलटला की चुन्याच्या बादल्या दाराशी येतात, नीळ कालवली जाते, आणि अंगावर शिंतोडे घेऊन घरातली माणसे हिंडू लागतात. भिंतीचा पोपडा कुठे उडालेला असला तर त्याखाली आदल्या रंगाची कड दिसते, आणि तिच्याखाली त्याही आदल्या रंगाची. ज्याला थोडी सवड आणि थोडी आठवण आहे, त्याला त्या कडांवरून घरातली लग्नकार्ये मोजता येतात.

भिंतीचे जे आहे तेच मोटारीच्या पत्र्याचेही आहे. जुन्या मोटारीच्या अंगावर एकाखाली एक असे रंगांचे पदर बसलेले असतात, आणि प्रत्येक पदर आपल्या काळाचे रसायन, आपल्या काळाची हौस आणि आपल्या काळाची घाई अंगावर वागवीत असतो. एखाद्या मडगार्डावर काचकागद धरून बसणारा माणूस हा खरे पाहता उत्खनन करणाराच म्हणावयाचा. गेल्या वर्षी हे उत्खनन करण्याचा योग मला आला. त्यातून जे हाती लागले ते वाचकांच्या फराळाबरोबर वाढावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या घरी १९६६ सालची एक फियाट आहे. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, साताऱ्यास डॉक्टर होते. त्या काळी मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. तशी वाट पाहून अण्णांनी ती घेतली आणि रात्री-अपरात्री खेडोपाडी रोगी पाहावयास नेली. माझे थोरले बंधू दादा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, आणि त्यांची दृष्टी दिवसेंदिवस मंदावत चालली आहे. डॉक्टरांनी त्यांना फार आशा दाखविलेली नाही. एके दिवशी ते मला म्हणाले, “अरे, अण्णांच्या गाडीचा रंग मला एकदा परत पाहायचा आहे. दिसतंय तोवर उरकून घेऊ.” मी उभा जन्म कॉलेजात रसायनशास्त्र शिकविले, तेव्हा हे काम माझ्याकडे येणार हे ओघानेच आले.

पण अण्णांच्या गाडीचा रंग कोणता, यावरच घरात एकमत नव्हते. दादा म्हणत, निळसर राखाडी. वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा गाडी शुभ्र पांढरी होती, हे त्या शपथेवर सांगावयास तयार होत्या. पुतण्याला ती लहानपणापासून गर्द तांबडीच आठवते, आणि आज ती तशीच दिसते. साक्षीदार तीन, तिघेही प्रामाणिक आणि जबान्या मात्र तीन. इतिहासकारापुढचा हा नेहमीचाच पेच. अशा वेळी साक्षीदारांना बाजूला बसवून वस्तूला बोलते करावे लागते.

वस्तूला बोलते करण्याआधी तिची भाषा शिकावी लागते, म्हणून मोटारीच्या रंगाची थोडी वंशावळ सांगतो. पहिल्या मोटारी रंगविल्या त्या घोडागाडी रंगविणाऱ्यांनी. त्यांचे साहित्य म्हणजे जवसाचे तेल, रंगाची पूड आणि वॉर्निश. जवसाचे तेल वाळते म्हणजे त्यातले पाणी उडून जाते असे नव्हे. ते हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि त्याची कातडी बनते. या कामाला घाई चालत नाही. एक हात द्यावयाचा, दिवसचे दिवस थांबावयाचे, घासावयाचे, पुन्हा हात द्यावयाचा. असे करता करता एका गाडीला कित्येक आठवडे लागत.

हेन्री फोर्डने १९१३ साली सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडण्याची पद्धत सुरू केली आणि गाडीचा सांगाडा जोडण्याचे साडेबारा तासांचे काम अवघ्या दीड तासावर आणले. आता गाडी दीड तासात जोडली आणि रंग वाळावयास आठवडे लागले, तर कारखान्याचे वाळवणच व्हावयाचे! ‘मॉडेल टी’ १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगात निघाली, आणि त्यावरून फोर्डच्या नावावर जो विनोद चालतो तो सर्वांच्या परिचयाचा आहे. काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता, आणि डांबराच्या जातीचे खनिज घातलेले काळे वॉर्निश भट्टीत भाजून लवकर कडक करता येई. डांबर काळेच, तेव्हा त्यात पांढरी किंवा पिवळी छटा साधणार कुठून? त्याआधी, १९०८ पासूनच्या पहिल्या वर्षांत, हीच गाडी लाल, हिरवी, करडी अशाही रंगांत मिळत असे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मोटारीच्या अंगावर रंगांची दिवाळी उगवली ती दारूगोळ्याच्या कोठारातून. स्विस रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन याने १८४६ साली कापसावर नत्राम्ल आणि गंधकाम्ल यांचा संस्कार करून स्फोटक कापूस सिद्ध केला. त्याच कुळातून पुढे सेल्युलॉइड निघाले, चित्रपटाची फीत निघाली. अमेरिकेतील ड्यू पाँ ही पेढी १८०२ साली बंदुकीची दारू बनविण्यासाठीच स्थापन झालेली. पहिले महायुद्ध संपले तेव्हा तिच्यापुढे प्रश्न होता की, आता या नत्रकापसाचे करावयाचे काय? १९२० साली तिच्या प्रयोगशाळेत ध्यानात आले की, या द्रव्याचे पातळ आणि तरीही भरपूर रंगपूड पोटात घेणारे द्रावण बनू शकते. त्यातून ‘ड्यूको’ नावाचे लॅकर जन्मास आले. जनरल मोटर्सने १९२३ साली आपल्या ‘ओकलंड’ मोटारींना ते निळ्या रंगात चढविले. आठवड्यांचे काम दिवसांवर आले, आणि मोटारीच्या दुनियेत रंगांची निवड सुरू झाली. आजही आपल्याकडचा कारागीर कपाटाला किंवा पंख्याला ‘डुको मारू का?’ असे विचारतो, तेव्हा त्या बिचाऱ्याला आपण शंभर वर्षांमागचे एक व्यापारी नाव उच्चारीत आहोत याची गंधवार्ताही नसते.

रंग आले तसे दुरंगी गाड्यांचे वेड आले, आणि त्या वेडापायी रंगाऱ्यांची दैना झाली. दोन रंगांमधली रेघ सरळ यावी म्हणून वर्तमानपत्राचे कागद डिंकाने चिकटवीत, आणि काढताना खालचा ताजा रंगही निघून येई. अमेरिकेतील सेंट पॉल शहरात रिचर्ड ड्रू नावाचा तरुण अशाच एका रंगशाळेत काचकागदाचे नमुने घेऊन गेला होता. रंगाऱ्यांचा तो संताप ऐकून त्याने १९२५ साली हलक्या गोंदाची कागदी पट्टी काढली. आपण आज मास्किंग टेप म्हणतो ती हीच. त्याच कंपनीने त्याआधी, १९२१ साली, पाण्यात भिजणारा काचकागद काढला होता. घासताना पाणी वापरले की धूळ उडत नाही. जुन्या रंगांत शिसे असे, विशेषतः झळझळीत पिवळ्या रंगात लेड क्रोमेट असे, म्हणून ही धूळ न उडणे ही नुसती सोय नव्हती. ते आयुष्याचे रक्षण होते. घरी जुनी गाडी घासणाऱ्याने हे आजही विसरू नये. कोरडे घासू नये, मुलाबाळांना जवळ येऊ देऊ नये, आणि घाण पाणी तुळशीच्या वाफ्यात तर मुळीच सोडू नये.

वंशावळीतला तिसरा पुरुष म्हणजे एनॅमल. वनस्पतीचे तेल आणि कृत्रिम राळ यांचा विवाह लावून १९२० नंतरच्या दशकात ‘अल्किड’ नावाची राळ तयार झाली. अल्कोहोल आणि ॲसिड या दोन शब्दांच्या तुकड्यांतून हे नाव जुळविलेले आहे. लॅकर केवळ द्रावक उडून वाळते, म्हणून थिनर लावताच ते पुन्हा विरघळते. एनॅमल मात्र रासायनिक क्रियेने घट्ट होते, आणि एकदा पुरते मुरले की सहसा विरघळत नाही. हा एक भेद ज्याला कळला त्याला रंगाच्या निम्म्या तक्रारी कळल्या.

या सर्व पिढ्या आपल्या मुंबईतही नांदल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कुर्ल्यास कारखाना उभा राहिला, आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने जी छोटी गाडी तेथून निघू लागली तीच पुढे ‘पद्मिनी’ झाली. रंगाचे म्हणाल, तर एशियन पेंट्सचा आरंभ १९४२ साली चार मित्रांनी मुंबईतल्या एका गॅरेजातच केला होता. मोटारगाडीच्या खोलीत रंग कालविणे ही काही आमच्याच घरातली अवदसा नव्हे!

आता आमच्या मडगार्डाकडे वळू. तांबड्या रंगावर बारीक भेगांचे जाळे पसरले होते, उन्हाळ्यात तळे आटल्यावर चिखल तडकतो तसे. एका कोपऱ्यावर मी पाणी सोडून काचकागद गोलाकार फिरवीत गेलो. हळूहळू वर्तुळे उमटू लागली. बाहेर तांबडे, त्याच्या आत पांढरे, त्याच्या आत राखट प्रायमर, मग एक बोटभर रुंदीचा हिरवट पदर, आणि मध्ये लखलखीत लोखंड. झाडाच्या बुंध्यावर वर्षे वाचावीत तशी ती कंकणे आम्ही वाचली. वहिनींची साक्ष खरी ठरली, कारण दादांच्या लग्नाच्या आधी गाडी पांढरी करून आणली होती. पुतण्याचीही खरी ठरली. दादांचा मात्र चेहरा उतरला. “हिरवट? म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचंच आठवत होतो की काय?” ते म्हणाले आणि आत जाऊन बसले.

मी थिनरचा बोळा घेऊन प्रत्येक पदराला निरनिराळा प्रश्न विचारला. ही परीक्षा घरच्या घरी कुणीही करावी. पांढरा पदर तत्काळ बोळ्यावर उतरला, म्हणजे ते नत्रकापसाचे लॅकर. तांबडा पदर उतरला नाही, सुरकुतून फुगला, म्हणजे हवेवर वाळलेले एनॅमल. तळचा हिरवट पदर जवळजवळ हललाच नाही, म्हणजे भट्टीत भाजलेले एनॅमल. भेगांचे कारणही कळले. लॅकर जितके जाड तितके म्हातारपणी ठिसूळ. पांढरा पदर खाली तडकला होता आणि त्याने वरच्या तांबड्यालाही आपल्याबरोबर फाडले होते. वरून कितीही लांबी भरली आणि कितीही हात मारले, तरी अशा भेगा वर्षभरात पुन्हा डोके काढतात. तेव्हा पांढरा पदर मुळापासून काढणे प्राप्त होते. तळचा शाबूत होता, त्याला धक्का लावण्याचे कारण नव्हते.

राहिला प्रश्न हिरवटपणाचा. तेलाच्या कुळातील रंगांचा एक स्वभाव आहे. ते उजेडाला पारखे झाले की पिवळे पडतात. निळ्यावर पिवळ्याची झाक चढली की डोळ्यांना हिरवे दिसावयाचेच. आणि मौज अशी की, अंधारात चढलेला हा पिवळेपणा पुष्कळ अंशी उजेडात परत उतरतो. हा पदर जवळजवळ पन्नास वर्षे दोन रंगांखाली गाडलेला होता. डिकीतल्या रबरी गालिच्याखाली स्क्रूने बसवलेली एक पत्र्याची झाकणी होती. तिच्यावर दुसरा रंग कधीच चढला नव्हता, आणि तीही तशीच हिरवट दिसत होती. मी ती काढली, अर्ध्या भागावर काळा कागद गुंडाळला, आणि ती दक्षिणेच्या खिडकीत उन्हाला ठेवून दिली.

दोन आठवड्यांनी कागद सोडला. झाकलेली बाजू हिरवट होती, आणि उघडी बाजू निळसर राखाडी. मी दादांना हाक मारली. त्यांनी ती झाकणी डोळ्यांजवळ नेली, दाराशी उजेडात गेले, परत आले, पुन्हा दाराशी गेले. मग म्हणाले, “हाच. अण्णा फाटकाशी गाडी लावायचे तेव्हा हाच दिसायचा.” वहिनी आत चहा टाकावयास गेल्या त्या बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

रंग जुळवून आणताना एक दक्षता घेतली. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात, कारण दोन्हींतल्या रंगपुडी निराळ्या असतात. म्हणून नमुना नेहमी दिवसाच्या उजेडात, सावलीत धरून पाहावा. नवा रंग कोणत्या जातीचा घ्यावा, हाही विचार करावा लागला. आजकालचा दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग अतिशय टिकाऊ खरा, परंतु त्याच्या कडक करणाऱ्या द्रव्यात आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने दमा जडतो, आणि बाहेरून शुद्ध हवा पुरविणाऱ्या मुखवट्यावाचून तो फवारणे धोक्याचे. घरच्या पडवीत ते काम नव्हे. आम्ही उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर दिला आणि वर जुन्या वळणाचे लॅकरच घेतले. लॅकरला हात पुष्कळ द्यावे लागतात, पण धूळ बसण्याआधी ते वाळते, आणि काही बिघडले तर घासून सुधारता येते. मात्र तो मूळचा स्फोटक कापूस आहे, हे विसरून चालत नाही. फवारणी चालू असताना विडी नको, देवापुढचा दिवा नको, आणि बोळे पाण्याच्या बादलीत टाकावेत. नाकावर साधा रुमाल नव्हे, द्रावकाची वाफ अडविणारा मुखवटा हवा.

प्रत्येक गोष्ट आम्ही आधी एका भंगारातल्या पत्र्यावर करून पाहत होतो. भाद्रपदात त्यावर पहिला हात दिला, आणि रंगावर पांढुरके धुके आले. हे धुके म्हणजे आपल्या माठाचीच करामत. थिनर झपाट्याने उडते तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतले पाणी त्यावर दवासारखे बसते आणि लॅकरात अडकते. यावर सावकाश उडणारे थिनर, ज्याला रिटार्डर म्हणतात, ते थोडे मिसळण्याचा उपाय आहे. त्याहून सोपा उपाय म्हणजे पाऊस सरू देणे. आम्ही नवरात्र उलटेपर्यंत थांबलो.

दुसरी तक्रार माशाच्या डोळ्यांची. रंग फवारताच जागोजाग गोल खळगे पडतात आणि तळ उघडा दिसतो. दोष रंगाचा नसतो. पूर्वी कधी चोपडलेल्या पॉलिशातले सिलिकोन किंवा तेलाचा ओशटपणा पत्र्यावर राहिलेला असतो. घासण्याच्या आधीच मेण-तेल काढणाऱ्या द्रावाने पुसून लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपावे. आधी घासले तर तो ओशटपणा ओरखड्यांत खोलवर शिरतो.

तिसरी, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा. रंग दाट, हवेचा दाब कमी, किंवा फवारा लांब असला की थेंब पसरण्याआधीच वाळतात. उलट फवारा फार जवळ आला की ओघळ येतात. वीतभराहून किंचित कमी, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर अंतर, रंगाइतके किंवा थोडे अधिक थिनर, आणि पातळ सात-आठ हात, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटे, हे आम्हांस मानवले. राहिलेला खडबडीतपणा काही आठवड्यांनी १५०० आणि मग २००० नंबरच्या कागदाने पाण्यात घासून कंपाउंडने झळाळला.

चौथी तक्रार सुरकुत्यांची. अर्धवट वाळलेल्या एनॅमलवर लॅकर मारले की तीव्र थिनर खालच्या थराला फुगवते. लॅकरवर एनॅमल चालते, पण कोवळ्या एनॅमलवर लॅकर चालत नाही. सासुरवाशिणीने सासूशी कसे वागावे याचे नियम असत, तसेच हे पदरांचे नियम आहेत. आणि पाचवी, समुद्रकाठच्या लोकांना छळणारी, फोडांची. गंज किंवा मिठाचा अंश खाली राहिला, अथवा पाणी पिणारी लांबी ओल्याने घासली, की वर्षभरात रंगाखाली फोड येतात. लांबी कोरडीच घासावी, त्या वेळी नाकावर धुळीचा मुखवटा असावा, आणि उघडे लोखंड वाळवून त्याच दिवशी प्रायमरखाली घालावे.

गाडी धनत्रयोदशीच्या आधी पुरी झाली. डिकीतल्या गालिच्याखाली मात्र वीतभर जागा आम्ही मुद्दाम रंगविली नाही. तिथे तांबडे, पांढरे आणि निळे अशा तिन्ही पदरांची कंकणे घासून मोकळी ठेवली आहेत, गंजू नयेत म्हणून वर पारदर्शक लॅकर दिले आहे. पुढेमागे कुणाला आमच्या कामाविषयी शंका आली, तर त्याला साक्षीपुरावा मिळावा.

मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. काळ्या-पिवळ्या रंगाची ती गाडी ज्यांनी रोज पाहिली त्यांना तो पिवळा नेमका कसा होता हे आज बिनचूक सांगता येईल. आणखी चाळीस वर्षांनी येईल का? आठवण प्रामाणिक असते, पण अंधारात राहिली की तिच्यावरही पिवळी झाक चढते. तिला खोटी ठरविण्याआधी थोडे दिवस उजेडात ठेवून पाहावे. आपल्या घरात एखादी जुनी मोटार, सायकल, पाळणा किंवा पेटी असेल, तर या दिवाळीत तिला नवा रंग जरूर द्या. पण हात चालविण्यापूर्वी एका कोपऱ्यात खालचे पदर मोजून ठेवा, आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला हाक मारून विचारा की, मूळचा रंग कोणता होता.